मिळाल्याचा दिवस धरून

कॉन्ट्रॅक्ट मॅनेजर व्हायला अंगात काय असावं लागतं, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणारे कमी नाहीत. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात ज्यांचा मुलगा किंवा मुलगी शिकून घरी बसली आहे, ते सगळे विचारतात. बोरगावच्या कारखान्यात पंख्याखाली बसून कागद वाचायची नोकरी, एवढंच त्यांना दिसतं. मी त्यांना ठरलेलं सांगतो. इंग्रजी चांगलं हवं, थोडा कायदा यायला हवा, नजर बारीक हवी, माणसं सांभाळता यायला हवीत. समोरचा मान हलवतो आणि माझ्यासाठी चहा सांगतो. यातलं काहीच खोटं नाही. हे सगळं माझ्याकडे होतं आणि तरी माझ्या हातून जे व्हायचं ते झालं, म्हणून डोकं फिरतं.

मी नेमकं करतो काय, हे घरी बरीच वर्षं कुणाला कळलं नव्हतं. आमचं घर कापसाचं आणि संत्र्याचं. आई गल्लीत सांगायची, "माहा पोरगा ठेकेदार झाला." मी तिला समजावून थकलो, की आई, मी ठेकेदार नाही, ठेकेदारांशी कंपनीचे कागद करणारा माणूस आहे. ते कागदाप्रमाणे वागतात की नाही हे बघायचं माझं काम. ती विचारायची, "मंग ठेकेदार तुह्यापेक्षा मोठा का लहान?" मी हसून विषय बदलायचो.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा आहे आणि हेड ऑफिस इंदूरला. माल नेणाऱ्या गाड्या, गेटवरचे चौकीदार, खोकी चढवणारे हमाल, सफाईवाल्या, कॅन्टीन, यातलं कुणीच कंपनीचं नाही, सगळे ठेक्यावर. करार इंग्रजीत असतात, इंदूरचे साहेब हिंदीत बोलतात आणि काम करणारी माणसं आपल्या मराठीत. मुलाखतीत साहेब म्हणाले होते, "आप लोकल हैं, यही आपका सबसे बड़ा प्लस है." मी त्या दिवशी बोरगावजवळच्या सौंसरच्या स्टँडवरून पेढे घेऊन घरी गेलो होतो.

आणि मी कामात चांगला होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. हमालांच्या मुकादमाला एक कलम काही केल्या कळत नव्हतं, गाडीत चढवताना खोकं फाटलं तर ते कोणाच्या खाती. इंदूरच्या वकिलानं त्याला हिंदीत अर्धा तास समजावलं. मी त्याला म्हणालो, "तू संत्र्याचा बगीचा ठेक्यानं घेतला, अन् तोडायच्या आधी फळ गळलं, तं ते कोनाचं?" तो म्हणाला, "माहं." "अन् सौदा व्हायच्या आधी गळलं तं?" "मालकाचं." "झालं मंग. तसंच हे." त्यानं तिथेच सही केली. वकील माझ्याकडे बघतच राहिला. आपली माणसं कशी मोजतात, कशी बोलतात, हे मला पाठ होतं.

कॅन्टीनचा ठेका एका बचत गटाला मिळाला, तो माझ्यामुळे. मोहगावच्या बाजूच्या बारा बायका होत्या, त्या आधी शाळेतलं मुलांचं जेवण रांधायच्या. गटाची अध्यक्ष पन्नाशीला आलेली, मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकलेली. करार तिच्या नावावर झाला. ती ऑफिसात मला साहेब म्हणायची आणि बाहेर भाऊ. मी तिला ताई म्हणायचो. पहिल्या दिवशी येऊन ती म्हणाली, "जय भीम साहेब. हा कागद इंग्रजीत हाये. मले वाचता येत नाही, पन तुमी वाचून सांगान तं मले ध्यानात राहते. येकदा आयकलं का मी इसरत नाही." आणि खरंच विसरायची नाही. सगळी कलमं मी तिला मराठीत सांगितली, तिनं ती तोंडपाठ केली आणि जाऊन बाकी अकरा जणींना सांगितली. जेवणात मीठ कमी पडलं तर त्या आपसात कलमाचा आकडा काढून हसायच्या.

जेवण झकास होतं. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, आठवड्यातून एकदा चून-भाकर, म्हणजे झुणका-भाकर. कामगार तुटून पडायचे. मीही तिथेच जेवायचो. घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "रांधते कोन?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं न सांगता माझा डबा भरून ठेवला होता. मी डबाही नेला आणि जेवलोही तिथेच. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही, तेवढंच मला जमलं म्हणून सांगतो.

कारखान्यात तीन जण असे होते की ते कॅन्टीनची पायरी कधी चढले नाहीत. तिघेही स्टाफमधले, घरून डबे आणणारे. वर्षभरानं त्या तिघांच्या सह्यांची तक्रार इंदूरला गेली. स्वयंपाकघरात स्वच्छता नाही, अन्नाला वास येतो, वाढणाऱ्या बायकांना शिस्त नाही. ज्यांनी तिथला एक घास खाल्ला नव्हता त्यांना त्या अन्नाचा वास आला होता. त्या बायका बौद्ध होत्या आणि रांधत होत्या, एवढीच खरी तक्रार होती. ती कुणी कागदावर लिहीत नाही. इंदूरहून कारणे दाखवा नोटीस आली, इंग्रजीत. तिच्यात लिहिलं होतं की नोटीस मिळाल्याचा दिवस धरून सात दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही, तर करार आपोआप संपला असं समजावं.

तो गुरुवार होता. ताईला मी ऑफिसात बोलावून नोटीस हातात दिली, पोच घेतली. तक्रार काय आहे ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण ती रडली-भेकली नाही. म्हणाली, "वास येते म्हंते? बरं. पान्याचा, तेलाचा, साऱ्याईचा कागद आनतो मी." तेवढ्यात इंदूरचा फोन आला. मी फोन कानाला लावला आणि ती दारातून मागे वळून म्हणाली, "साहेब, किती दिवस हायेत?" मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "आठ दिवस. आठ दिवसांत आणा."

आमच्याकडे आठवड्याला आठ दिवसच म्हणतात. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत आठ दिवस. पाहुण्याला निघताना सांगतो, आठ दिवसांनी येतो, म्हणजे याच वारी. गुरुवार ते गुरुवार, दोन्ही गुरुवार धरून. कुणी सात म्हणत नाही. सात हा आकडा कागदावरचा. माझ्या तोंडून आईच्या घरातला शब्द गेला आणि कागदावर राहिला इंदूरचा. माझ्या तेव्हा ते लक्षातही आलं नाही. करार सांभाळायच्या कामात जी चूक शिकाऊ माणसानंही करू नये, ती मी केली. ती एकट्या माझ्यासारख्याच्याच हातून होणार होती, कारण इंदूरचा साहेब असता तर तो सात म्हणाला असता आणि तिनं सातच ऐकलं असतं.

ताईचं उत्तर मंगळवारी तयार होतं, हे मला नंतर कळलं. पाणी तपासल्याचा कागद होता, तेलाच्या डब्यांच्या पावत्या होत्या, दीडशे कामगारांच्या सह्या होत्या की जेवण चांगलं आहे. एकच राहिलं होतं. गटाच्या सगळ्या बायकांच्या सह्या हव्यात असं तिच्या मनानं घेतलं होतं आणि अकरातली एक बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिगावला. उत्तराला एका सहीची तशी गरज नव्हती. पण तिला वाटलं, उद्या गुरुवार आहे, आजचा दिवस हातात आहे. बुधवारी ती पांढुर्ण्याला आली, तिथून तिगावला गेली, बाळंतिणीच्या उशाशी बसून सही घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली.

गुरुवारी सकाळी अकराला ती फाईल घेऊन गेटवर उभी राहिली. चौकीदारानं शिक्का मारला. शिक्क्यावर तारीख होती आठव्या दिवसाची.

मी फाईल उघडली आणि तारीख बघितली. त्या क्षणी मला सगळं आठवलं, फोन, दार, माझा हात, आठ हा शब्द. अजूनही वेळ होती. मी प्लँटच्या साहेबाला सांगू शकत होतो, की चूक माझी आहे, मीच तिला तोंडी आठ दिवस सांगितले. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा गुन्हा नाही. आदल्या वर्षी गाड्यांचा करार बघणाऱ्या माझ्या सोबत्यानं एका ठेकेदाराला फोनवर दोन दिवसांची सूट दिली होती. महिन्याच्या आत त्याची खुर्ची रिकामी झाली. तो आता नागपूरला कुठेतरी मोबाईलच्या दुकानात असतो. मला तो दिसला, त्याचं दुकान दिसलं, काउंटरच्या आत उभा असलेला मी दिसलो. मी घाबरलो. याला दुसरं कारण नाही, आणि मी शोधूनही पाहिलं आहे.

दुपारी इंदूरच्या मोठ्या साहेबांशी व्हिडिओवर मीटिंग लागली. प्लँटचे साहेब, मी आणि ताई. तिला खुर्ची दिली तरी ती बसली नाही. पडद्यावरचे साहेब म्हणाले, "आपको सात दिन का समय था. आप लेट हैं."

ती म्हणाली, "नहीं साहब, आठ दिन बोले थे. ये साहब ने बोले थे."

तिनं माझ्याकडे हात केला. त्यात तक्रार नव्हती. साक्षीदार दाखवावा तसा तिनं मला दाखवला. तिला खात्री होती की मी आता मान डोलवणार आणि विषय मिटणार.

साहेबांनी विचारलं, "आपने आठ दिन बोला था?"

मी म्हणालो, "नो सर. सात बोला था. लिखा भी सात ही है."

ती माझ्याकडे वळली. मी तिच्याकडे बघायला नको होतं, पण बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती गोंधळली होती. कपाळाला आठ्या घालून ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती. मग अगदी हळू, माझ्याशीच, आपल्या बोलीत म्हणाली, "मंग माह्याच आयकन्यात चूक झाली असन."

पडद्यावरून आवाज आला, "क्या बोली?"

आणि मी, तिन्ही भाषा येणारा, लोकल, मी म्हणालो, "सर, इन्होंने मान लिया कि गलती इनकी है."

त्या मीटिंगचा वृत्तांत मीच लिहिला, कारण वृत्तांत लिहिणं माझंच काम. ठेकेदाराने विलंबाची चूक मान्य केली, असं एक वाक्य. ते व्याकरणात चोख आहे. इंदूरहून शेरा आला, वेल ड्राफ्टेड.

त्या मीटिंगनंतर फाईल कुणी उघडली नाही. दीडशे सह्या, पाण्याचा कागद आणि तिगावची सही, सगळं बांधलेलं परत गेलं. कॅन्टीन नागपूरच्या एका कंपनीकडे गेलं. बारांपैकी चौघींना नव्या ठेकेदारानं ठेवून घेतलं, पण संडास-बाथरूम धुवायला. चुलीजवळ त्यांना जाऊ दिलं नाही. त्यातली एक मला रोज दिसायची, मॅनेजर लोकांच्या मजल्यावर फरशी पुसताना. मी आलो की ती बादली बाजूला सरकवायची. घरून डबे आणणारे ते तिघे आता कॅन्टीनमध्ये जेवायला लागले. मीही तिथेच जेवत राहिलो. पुढच्या एप्रिलमध्ये मला सीनियर केलं.

ताईचं काय झालं हे मी मुद्दाम विचारत नव्हतो, पण सौंसर केवढंसं, कानावर यायचंच. अकरा जणी तिला बोलत होत्या. तारीख माहीत असून तिगावला फिरत बसली म्हणे. एक दिवस आधी दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पाठ आहे पाठ आहे म्हणायची, मग सात कसे विसरली? गट मोडला. ज्या बाळंतिणीच्या सहीसाठी ती गेली होती, तिनंसुद्धा बोलणं टाकलं, कारण सगळ्यांनी तिलाही त्यात ओढलं होतं.

दोन वर्षांनी ती मला सौंसरच्या स्टँडवर भेटली. मला चुकवायचं होतं, पण तिनंच हाक मारली, "भाऊ!" तिच्या हातात दवाखान्याचा कागद होता. त्यावर पुढच्या खेपेची तारीख इंग्रजीत लिहिलेली. "हे वाचून द्या नं जरा." मी वाचली. ती म्हणाली, "अजून येकडाव सांगा." मी सांगितली. ती पुन्हा म्हणाली, "हातावर लिहून द्या भाऊ. माह्या कानाचा भरोसा नाही राहिला आता." मी पेनानं तिच्या तळहातावर तारीख लिहिली.

त्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. चार वाजले असतील. ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. मी नको म्हणालो, ती पुन्हा सुपाशी बसली आणि मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर सांगितलं नसतं.

तिचा हात सुपात थांबला.

"म्हंजे तुमी आठच म्हनलं होतं."

"हो."

"मले बरोबर आयकू आलं होतं."

"हो ताई."

तिनं सुपातला एक खडा उचलून ओसरीबाहेर टाकला. मग म्हणाली, "दोन वर्सापासून मी कान दाखवून राहिली डॉक्टरले. सौंसरले दाखवलं, पांढुर्ण्याले दाखवलं. सारे म्हंते कान चांगले हायेत बाई. मले वाटे याईले कळत नाही." तिनं सूप बाजूला ठेवलं. "अन् त्या अकरा जनी मले लबाड समजून राहिल्या. कोनाच्या लग्नात गेली तं माह्यापासून सरकून बसते. मी म्हनो, बरोबर हाये त्याईचं, माह्यामुळंच गेलं."

मी म्हणालो, "ताई, मी एकेकीच्या घरी येतो. तुमच्यासमोर सांगतो, की चूक माझी होती." त्या वेळी मला ते मनापासून वाटत होतं. घरी जाऊन पोटभर रडावं आणि मोकळं व्हावं, असंही वाटत होतं.

ती आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. ती एक वही आणि पेन घेऊन आली. वहीचं कोरं पान उघडून तिनं माझ्यासमोर धरलं.

"लिहून द्या. तुमी आठ दिवस म्हनलं होतं असं लिहा. कंपनीचं नाव लिहा, माहं लिहा, तारीख टाका अन् खाली सही करा. मी दाखवीन एकेकीले."

मी वही हातात घेतली. पेन उघडलं. आणि माझ्या डोक्यात, मी न बोलावता, सगळं सुरू झालं. हा कागद कुणाच्या हाती जाईल, त्याची झेरॉक्स निघेल, ती इंदूरला पोचेल, मीटिंगच्या वृत्तांताशी लावून बघतील. सहीचा अर्थ काय होतो हे या ओसरीवर माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत अंगात जे काय मुरवलं होतं, नजर, सावधपणा, पुढचं दिसणं, ते सगळं अगदी वेळेवर हजर झालं.

मी पेन मिटलं. म्हणालो, "ताई, लिहायचं कशाला? मी स्वतः येऊन तोंडानं सांगतो ना त्यांना."

तिनं माझ्या हातातून वही काढून घेतली.

"तोंडानं तं तुमी तवाबी सांगतलं होतं," ती म्हणाली आणि पुन्हा तूर निवडायला बसली.

त्याला आता वर्ष होत आलं. मी एकाही घरी गेलो नाही. आज हे सगळं बसून लिहून काढलं आहे, जसं झालं तसं, माझ्याकडून काही राखून न ठेवता. पण यात कंपनीचं नाव नाही, तिचं नाव नाही, तारीख नाही, आणि खाली मी सही केलेली नाही.